डिसेंबरात वजनाचा नाद सोडा म्हणणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला चार वेगवेगळ्या ग्रुपवर आला. त्यात लिहिलंय की सुट्ट्यांच्या सीझनमध्ये प्रत्येकाचं तीन-चार किलो वजन वाढतंच, त्यामुळे डिसेंबरात वजन कमी करायचा नाद सोडा, तसंही थंडीत शरीर आपोआप चरबी जाळतं, पार्टी असेल त्या दिवशी दिवसभर काही खाऊ नका, जास्त खाल्लं गेलंच तर दुसऱ्या दिवशी तासभर पळा, आणि जानेवारीत सात दिवस डिटॉक्स ज्यूस प्यायलात की सगळं उतरतं. एरवी वाचून सोडून दिलं असतं, पण यातली उपाशी राहायची गोष्ट माझ्या मावशीने खरंच करून बघितली, म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी ते तीन-चार किलो. हे मोजून झालंय. २००० साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास आला होता, अमेरिकेतल्या १९५ जणांचं वजन सुट्ट्यांच्या आधी, सुट्ट्यांत आणि नंतर प्रत्यक्ष काट्यावर घेतलं, तर नोव्हेंबर ते जानेवारीत सरासरी वाढ निघाली ०.३७ किलो. अर्धा किलोसुद्धा नाही! आणि त्याच लोकांना विचारलं तर आपलं वजन याच्या कितीतरी पट वाढलंय असं त्यांना वाटत होतं. अर्थात सरासरी म्हणजे सगळे नव्हेत, काहींचं दोन किलोच्या वर वाढलं, पण असे लोक थोडे होते. मात्र याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, ती म्हणजे हे वाढलेलं थोडंसं वजन पुढच्या महिन्यांत उतरलं नाही, तसंच राहिलं. म्हणजे "नंतर बघू" म्हणून सोडलेला पाव-अर्धा किलो दरवर्षी साठत जातो, आणि दहा वर्षांनी आपण विचारतो की एवढं वजन कधी वाढलं.

मग लोकांना तीन किलो दिसतात कुठून? पार्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काट्यावर दिसतात. माझंच सांगते, मागच्या डिसेंबरात शनिवारी सकाळी ६८.४ होतं, रात्री भरपूर जेवण झालं, रविवारी सकाळी ६९.९. पोटात धस्स झालं. पण दीड किलो चरबी वाढायला गरजेपेक्षा अकरा-साडेअकरा हजार कॅलरी जास्त खाव्या लागतात, एका रात्रीत तेवढं कोण खातं? ते बरंचसं पाणी असतं, खारट खाल्लं की शरीर पाणी धरून ठेवतं, आणि स्टार्च-साखर ग्लायकोजेन म्हणून साठते तेव्हा प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी असतं, शिवाय पोटात अजून अन्न असतंच. मी वेगळं काही केलं नाही, नेहमीसारखं जेवले, गुरुवारी ६८.५. त्या रविवारी घाबरून "आता गेलंच सगळं" म्हणत जे सोडून देतात ना, त्यांचं मात्र खरंच वाढतं.

डिसेंबरात जमतच नाही, हेही खोटं आहे. ब्रिटनमध्ये २७२ जणांवर ख्रिसमसच्या काळातच ट्रायल झाली, २०१८ साली बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय जर्नलमध्ये आली. एका गटाला फक्त आठवड्यातून निदान दोनदा स्वतःचं वजन करून लिहून ठेवायला सांगितलं, वजन सांभाळायच्या साध्या दहा टिप्स दिल्या, आणि सणाच्या खाण्यातल्या कॅलरी जाळायला किती व्यायाम लागतो त्याची यादी दिली. या गटाचं वजन सरासरी ०.१३ किलो कमी झालं, दुसऱ्या गटाचं ०.३७ किलो वाढलं. आकडे छोटे आहेत, मान्य, पण वर सांगितलेली वाढही एवढीच छोटी असते, म्हणजे तेवढी अडवली की काम झालं. या महिन्यात पाच किलो उतरवायचं ठरवू नका, आहे ते टिकवलंत तरी खूप आहे.

थंडीत चरबी आपोआप जळते म्हणे. कुडकुडताना शरीर जास्त ऊर्जा जाळतं हे खरं, पण आपण स्वेटर घालतो, पांघरूण घेतो, दारं-खिडक्या लावून बसतो आणि चालणंही कमी करतो.

आता उपाशी राहणं. मावशीला डायबेटिस आहे, गोळ्या चालू आहेत. मेसेज वाचून तिने सकाळची गोळी घेतली आणि संध्याकाळच्या जेवणासाठी पोट रिकामं ठेवलं. चारच्या सुमाराला तिचे हात थरथरायला लागले, कपाळ घामाने ओलं, आणि माझं नाव घेताना ती अडखळली. साखरेचं पाणी दिल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी सावरली. काही गोळ्या आणि इन्सुलिन घेणाऱ्यांची शुगर उपाशीपोटी अशी धोकादायक खाली जाते, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण टाळायचंच नाही. आणि ज्यांना काही आजार नाही त्यांचंही गणित फसतं, दिवसभराच्या भुकेने समोर ताट आलं की हात थांबत नाही, त्यात रिकाम्या पोटी दारू घेतली तर ती पटकन चढते, तिच्या कॅलरी वेगळ्याच, एका ग्रॅम अल्कोहोलला सात. त्यापेक्षा दुपारी नेहमीसारखं जेवा, निघायच्या आधी थोडं प्रोटीन खा, तिथे आवडीचं एक ताट शांतपणे बसून खा.

दुसऱ्या दिवशी पळायचं म्हणाल तर अवश्य पळा, चाला, मूडही सुधारतो. पण शिक्षा म्हणून नको, कारण ७० किलोच्या माणसाने तासभर भरभर चालून साधारण तीनशे कॅलरी जातात, आणि एक मोठी गोड डिश पाच मिनिटांत तेवढ्या परत देते. त्यापेक्षा रात्री झोप पूर्ण करा, झोप कमी पडली की दुसऱ्या दिवशी भूक वाढते आणि गोडाकडेच हात जातो.

डिटॉक्सचं काम लिव्हर आणि किडनी रोज करतायत. सात दिवस ज्यूसवर काट्यावर जे उतरतं ते बरंचसं तेच पाणी आणि ग्लायकोजेन, नेहमीचं जेवण सुरू झालं की परत येतं.

मावशीसाठी मी फ्रिजवर एक कागद लावलाय, सोमवार आणि शुक्रवार, सकाळी काही खाण्याआधीचं वजन. तीन आठवड्यांत दोनशे ग्रॅम कमी, आणि एकही जेवण चुकलेलं नाही. तुमच्या ग्रुपवर तो मेसेज आला असेल तर निदान ती उपाशी राहायची ओळ तरी काढायला सांगा.