घोडा नसलेली सायकल

बाबांची बावीस इंची काळी सायकल दुकानातून घरी आली, तेव्हा तिला उभी करायचा घोडा होता, कॅरिअर होते, चेनकव्हर, दोन मडगार्ड, घंटी आणि डायनामो होता, शिवाय मागच्या हबभोवती फिरत राहून तो आपोआप पुसणारा एक रंगीत गोंडाही होता. सायकल म्हणजे हे सगळे धरूनच, या समजुतीत मी पंचेचाळिशी गाठली. त्यामुळे रोज कोथरूडहून शिवाजीनगरच्या कचेरीत जावे आणि रविवारी खडकवासल्यापर्यंत, अंगात आलेच तर सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत मजल मारावी, या दुहेरी हेतूने ३०,००० रुपये बाजूला काढून मी रोड बाइक म्हणतात ती हलकी, वेगवान सायकल बघायला गेलो आणि विक्रेत्या तरुणाने तिला काय काय येत नाही हे सांगायला सुरुवात केली, तेव्हा मी जरा गडबडलोच.

"हिला स्टँड येत नाही, सर."

"का?"

"वजन वाढतं."

मडगार्ड, कॅरिअर आणि घंटी यांनाही हेच कारण होते. शेजारी लाखाच्या वरची एक सायकल टांगलेली होती, तिला तर पेडलसुद्धा येत नाहीत, ज्याची त्याने आपापल्या आवडीची बसवून घ्यायची, असे तो अभिमानाने म्हणाला. तीस हजारांत घोडा जातो आणि लाखात पेडल जातात, हे प्रमाण पाहता पाच लाख मोजणाऱ्याच्या हाती केवळ पावती पडत असावी.

ब्रेव्हे नावाच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्यांच्या नादाला लागून साडेतेरा तासांच्या मुदतीत दोनशे किलोमीटर सायकल हाणणारा माझा एक मित्र आहे. त्याच्याशी पुढचे पंधरा दिवस रात्री उशिरापर्यंत फोनवर खल चालला. शिमानोच्या गिअरसंचांत क्लॅरिसला मागे आठ चकत्या, सोराला नऊ आणि टियाग्राला दहा, आणि एकेक चकती वाढली की किंमत अशी चढते की माझे बोलणे आपोआप हळू होई. "सोरा आवडली रे, पण मला झेपणार नाही, क्लॅरिसवरच भागवतो," हे माझे वाक्य नेमके सौभाग्यवतींच्या कानावर पडले आणि त्या रात्री मला चकत्यांचे दाते मोजून दाखवावे लागले.

मापाचा प्रश्न त्याहून नाजूक निघाला. माझ्या उंचीला चोपन्न सेंटिमीटरची फ्रेम लागते असे मित्राने बजावले होते आणि दुकानात नेमकी छप्पन्नची शिल्लक होती. "चालून जाईल सर, स्टेम, म्हणजे हँडलचा जोड, छोटा टाकून देतो," असे म्हणून त्या तरुणाने मला फ्रेमच्या वरच्या नळीवर पाय फाकून उभे केले. नळी आणि मी यांच्यात दोन बोटांचे अंतर असावे असा नियम आहे. प्रत्यक्षात मी चवड्यांवर उभा होतो आणि सिग्नलला एकाएकी थांबावे लागले तर काय होईल, याचे चित्र डोळ्यांपुढे स्वच्छ उभे राहत होते. चोपन्न यायला तीन आठवडे लागले. ते मी आनंदाने काढले.

सायकल आली, ११ किलो ४०० ग्रॅमची, मेंढ्याच्या शिंगांसारख्या वळलेल्या हँडलची, आणि चौथ्याच दिवशी म्हात्रे पुलाजवळ तिचे मागचे चाक बसले. बाबांच्या सायकलचा टायर दीड इंच रुंद होता आणि तो खड्डे पचवून मोकळा होई. माझा पंचवीस मिलिमीटरचा टायर गटाराच्या झाकणाची जाळी दिसली तरी धसका घेतो. पंक्चरवाल्या काकांनी चाक फिरवून पाहिले, चष्मा कपाळावर सरकवला आणि ते म्हणाले, "साहेब, हिला वॉल्व्हच नाही." वॉल्व्ह होता, पण तो प्रेस्टा जातीचा, काडीसारखा बारीक, टोकाची इवलीशी चकती सैल केल्यावरच हवा घेणारा. पंक्चर त्यांनी झकास काढले, पण त्यांच्या पंपाचे तोंड त्या काडीवर काही केल्या बसेना. चाळीस रुपयांची पितळी टोपी घातली की नेहमीचा पंप चालतो, ही विद्या मला सायकल ढकलत घरी पोहोचल्यावर प्राप्त झाली.

जूनमध्ये मडगार्ड का असतात ते कळले. मागच्या चाकाने कंबरेपासून मानेपर्यंत चिखलाचा असा सरळ पट्टा ओढला होता की कचेरीतल्या शिपायाने मला खारीची उपमा दिली. मग चिमट्याचे मडगार्ड आले. डबा पाठीवर कलंडून आमटी लॅपटॉपकडे निघाली, म्हणून सीटच्या दांड्याला आवळायचे कॅरिअर आले. पुढेमागे दिवे, घंटी, हातपंप, जादा ट्यूब आणि पान्यांची पिशवी आली, वर दीड किलोची साखळी आणि कुलूपही आले. सिंहगडाच्या पायथ्याशी सायकल भिंतीला टेकवून मी दही खात असताना ती सावकाश घसरत जाऊन एका बुलेटच्या कुशीत विसावली, तेव्हा शोधाशोध करून पट्टीने आवळायचा घोडाही बसवून घेतला. घाटाचे म्हणाल, तर पुढे चौतीस आणि मागे बत्तीस दात्यांची चकती लावली की पायाच्या एका फेऱ्याला चाक जेमतेम एक फेरा फिरते. पहिल्या वळणानंतर मी सायकल हातात धरून चाललो आणि आमचा वेग वाढला.

परवा रद्दीवाला आला होता. वर्तमानपत्रे तोलून झाल्यावर मला लहर आली आणि कचेरीच्या पिशवीसकट सायकल त्याच्या काट्याला लटकवली. काटा एकोणीस किलोंच्या पुढे गेला. गॅलरीत बसलेल्या बाबांनी तो आकडा मोठ्याने वाचून घेतला आणि काही न बोलता पुन्हा पेपरात डोके घातले. रद्दीवाल्याने मात्र बोटांनी फ्रेमवर टकटक करून आवाज ऐकला आणि अदबीने म्हणाला, "ॲल्युमिनियम आहे साहेब, भाव चांगला येईल. तेवढा घोडा लोखंडाचा दिसतो, तो वेगळा धरावा लागेल."