जुना मनुष्य सुखरूप ठेवण्याचे उपाय

येशूचा प्रेषित पौल याने रोमकरांस पत्रात लिहून ठेवले की मनाच्या नवीकरणाने स्वतःचे रूपांतर होऊ द्या, आणि तेव्हापासून चर्चच्या मंडळीतल्या सज्जनांच्या जिवाला घोर लागला आहे. इफिसकरांच्या पत्रात तर त्याने जुना मनुष्य, म्हणजे आपला जुना पापी स्वभाव, काढूनच टाकायला सांगितले. आता चाळीस-पन्नास वर्षे जपलेला, घरच्यांच्या आणि चर्चचा कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीच्या अंगवळणी पडलेला मनुष्य असा काढून टाकायचा म्हणजे काय? घाबरू नका. आपल्या नाशकात शरणपूर रोडपासून नाशिकरोडपर्यंत, जुन्या दगडी चर्चपासून सातपूरच्या पत्र्याच्या हॉलपर्यंत, या कामातले जाणकार पुष्कळ आहेत. एकही रविवार न चुकवता माणूस आहे तसा राहू शकतो. पथ्ये तेवढी सांभाळायची.

पहिला धोका पवित्र शास्त्राचा. ते न वाचणे हा मात्र उपाय नव्हे. न वाचणाऱ्याला कधीतरी चुटपुट लागते, मग तो एखाद्या संध्याकाळी एकच उतारा घेऊन बसतो, आणि असे बसलेले लोक पुढे हाताबाहेर जातात. त्यापेक्षा ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत ‘वर्षभरात संपूर्ण बायबल’ असा निश्चय करा. पुस्तके ६६, अध्याय ११८९. दिवसाला सव्वातीन पडतात. या वेगाने उत्पत्तीचे ५० आणि निर्गमचे ४० अध्याय उरकून जानेवारीच्या २८ तारखेच्या आसपास तुम्ही तिसऱ्या पुस्तकाच्या, लेवीयच्या, दारात पोचता. निवासमंडपाच्या बाभळीच्या फळ्या मोजताना दम लागलेला असतोच. चरबी, गुरदे आणि चट्ट्यांची तपासणी सुरू झाली की वाचन आपोआप थांबते. पुढचे अकरा महिने ‘यंदा जमले नाही’ म्हणायला मोकळे. (काही हटवादी लोक मार्काच्या शुभवर्तमानापासून धरतात. सोळाच अध्याय, पण एकेका उताऱ्यावर चार-चार दिवस. त्यांच्या नादी लागू नका.)

वाचलेच, तर हातात लाल पेन ठेवा आणि प्रत्येक वचनाखाली रेघ मारताना ते कोणाला लागू पडते ते नाव मनात घ्या. जाऊबाई, खजिनदार, समोरच्या गल्लीतले ते नवे पाळकसाहेब. याकोब आपल्या पत्रात वचनाला आरसा म्हणतो. तो नेहमी समोरच्याकडे तोंड करून धरावा. पहाटे साडेपाचला ते वचन व्हॉट्सअॅपवर सगळ्या नातेवाइकांना गेले की त्या दिवसापुरते तुमच्यावरचे संकट टळले.

उपवासकाळाचे गणित पाठ करा. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत दिवस ४६, सहा रविवार वजा जाता ४०. रविवारी उपासना सुटल्यावर मिसळीच्या टेबलाशी कोणी भुवई उंचावली तर उत्तर तयार हवे. काय सोडायचे हे नीट ठरवा. चहा चुकूनही सोडू नका. चहा सुटला की दुपारी चारला डोके ठणकते, मुलांवर आवाज चढतो, आणि आपला सगळा सोशिकपणा दोन कपांवर उभा होता हे घरभर कळते. उपवासाचा मुळात धंदाच तो, झाकलेले वर आणण्याचा. मटण सोडा, ते महागही झाले आहे. येशूने सांगितले आहे की उपास करताना डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, कोणाला कळू देऊ नका. तुम्ही मात्र बुधवारीच सगळ्यांना कळवा. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत ज्यांचे वर्कशॉप आहे त्यांनी यशयाचा ५८ वा अध्याय या दिवसांत टाळलेला बरा. त्यात उपासाच्या दिवशी कामगारांना राबवून घेणाऱ्यांचा उल्लेख आहे, आणि शुभ शुक्रवारी बारा ते तीन येशूची वधस्तंभावरची सात वचने ऐकत बसायचे असेल तर हेल्परच्या मजुरीचा विषय डोक्यात नको. तो सोमवारवर ढकलावा.

आता खरा नाजूक भाग, पापांगीकार, म्हणजे पापांची कबुली. जुना मनुष्य सगळ्यात जास्त दगावतो तो इथे. साधा नियम असा की कबुली नेहमी अनेकवचनी द्या. ‘आम्ही अपराधी आहोत’, ‘आम्ही मेंढरांप्रमाणे बहकलो’. अनेकवचनात माणूस सापडत नाही. कबुलीत नाव, तारीख आणि रक्कम या तीन गोष्टी येऊ देऊ नका; त्यांतली एक आली की मागोमाग दुसऱ्या दोन येतात. जेझुइट संघ स्थापणाऱ्या इग्नाशियस लोयोला नावाच्या माणसाने सोळाव्या शतकात एक भलतीच रीत काढली: एकच दोष निवडायचा, दुपारी आणि रात्री हिशेब घ्यायचा, जितक्यांदा घसरलो तितके ठिपके त्या दिवसाच्या रेघेवर द्यायचे आणि आजची रेघ कालच्या रेघेशी ताडायची. वहीत ठिपके दिसू लागले की ‘माझा स्वभावच तसा आहे’ हे वाक्य म्हणता येत नाही. ते वाक्य गमावले तर उरले काय?

पण याहून भयंकर मजकूर मत्तयाच्या पाचव्या अध्यायात आहे. वेदीपाशी दान आणताना आठवले की आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेवायचे, आधी जाऊन भावाशी समेट करायचा, मग दान द्यायचे. बारकाईने पाहा: तुमच्या मनात काय आहे हा प्रश्नच नाही, त्याच्या मनात काय आहे हा आहे. म्हणजे ‘मी त्याला केव्हाच क्षमा केली’ हा आपला हुकमी पत्ता इथे चालत नाही. समजा निफाडकडची वडिलांची अडीच एकर आहे, सातबाऱ्यावर तुमचे एकट्याचे नाव लागले आहे, आणि धाकटा तीन बाक पुढे बसतो. इथे बसण्याची व्यवस्था कामी येते. प्रभूभोजनाला तो डावीकडच्या रांगेत गेला की तुम्ही उजवीकडच्या रांगेत जा. तो दारातून निघाला की तुम्ही गाण्याचे पुस्तक शोधत बसा. ‘सलाम’ म्हणावेच लागले तर त्याच्या बायकोकडे पाहून म्हणा. कोणी मध्यस्थी करायला आलाच, तर ‘आपण यावर प्रार्थना करू’ हे वाक्य वापरा. हे वाक्य उच्चारल्यानंतर प्रकरण निदान दहा वर्षे जागचे हलत नाही.

पैशांचे तसेच. येशूला भेटलेल्या जक्कय नावाच्या जकातदाराने उत्साहाच्या भरात अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेल्याला चौपट परत, असे बोलून टाकले. गणना या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायातला नियम सौम्य आहे, मुद्दल अधिक पाचवा हिस्सा. म्हणजे भागीदाराचे ५०,००० दाबले असतील तर ६०,००० होतात. जक्कयाच्या दराने दोन लाख. हा आकडा पाहून छातीत धडधडत असेल तर एक पंखा घ्या, पात्यांवर वडिलांचे नाव रंगवा आणि चर्चला द्या. पंख्याने हिशेब मिटत नाही, पण उन्हाळ्यात विचारणारा कोणी राहत नाही.

पूर्वजही उपयोगी पडतात. शरणपूर हे गुलामांच्या जहाजांतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना आसरा देणारे गाव होते. तिथे शिकलेला जेकब वेनराइट मिशनरी-प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टनचा मृतदेह आफ्रिकेच्या आतल्या भागातून किनाऱ्यावर आणणाऱ्यांत होता आणि १८७४ साली लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या दफनालाही हजर होता. हे सगळे जरूर सांगा. ऐकणारा वेनराइटकडे पाहतो, तुमच्याकडे नाही. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा आणि जलालपूरच्या लक्ष्मीबाईंचा १९०० चा, एवढ्याच तारखा सांगा. मधली पाच वर्षे, ज्यांत माणूस खरोखर हळूहळू आणि कुरकुरत बदलला, ती गाळावीत.

द्राक्षवाल्यांसाठी मात्र वेगळी सूचना. निफाड-दिंडोरीकडच्या मंडळींनी योहानाचा पंधरावा अध्याय बागेत बसून वाचू नये. फळ देणारा फाटा पिता आणखी साफ करतो हे वाक्य नागपूरच्या माणसाला गोड वाटते, तुम्हाला त्यातली कात्री दिसते. एप्रिलची खरड छाटणी झाली की बाग भकास दिसते आणि विकायला काही नसते. पण पुढच्या हंगामाचा घड त्याच काडीत, डोळ्याच्या आत, त्यानंतरच्या दीड-दोन महिन्यांत तयार होतो, बाहेरून काही न दिसता. तेव्हा नत्र आणि पाणी जास्त झाले तर वेल माजते, पाला असा गर्द होतो की रस्त्याने जाणारा थांबून कौतुक करतो, आणि काडी वांझ निघते. हे कळते ऑक्टोबरच्या छाटणीनंतर. तेव्हा आपण पाल्यावर भर द्यावा. महिन्याला एक कन्व्हेन्शन, आठवड्याला तीन सभा, मोठा साउंड सिस्टिम. प्रीती, आनंद, शांतीपासून इंद्रियदमनापर्यंतची गलतीकरांतली नऊ नावे मुलांकडून कृतीसह पाठ म्हणवून घ्यावीत. काडी कोणी फोडून बघत नाही.

गृहप्रार्थनेत फक्त एक काळजी घ्या. मेथडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली याने १७३८ च्या डिसेंबरात छोट्या गटांसाठी नियम केले: आठवड्यातून निदान एकदा भेटायचे, आणि पहिला प्रश्न असा की गेल्या भेटीनंतर जाणूनबुजून कोणते पाप केले? आपल्याकडे त्या जागी ‘प्रार्थनेचे विषय’ असतात. गुडघेदुखी, बदली, मुलीचे स्थळ, पुतण्याचा व्हिसा. मग चहा-पोहे. यात कोणालाही इजा होत नाही.

राहिली साक्ष, म्हणजे प्रभूने आपल्याला कसे बदलले ते सभेत सांगणे. साक्षीत पाप जुने असावे आणि मोठे असावे: दारू, पत्ते, १९९८ पूर्वीचे. चालू महिन्यातले कधीही नको. तारीख आणि वेळ पक्की असली तर बहार येते. वेस्लीकडेही आपल्या पालटाची होती, २४ मे १७३८, रात्रीचे पावणेनऊ; पण त्याने पुढच्याच जानेवारीत आपण अजून ख्रिस्ती नाही असे रोजनिशीत लिहून घोळ केला. रोजनिशी ठेवू नका.

आणि एवढे करूनही कधी अपघात होतोच. कामवाल्या मावशी बायकोला म्हणतात, ‘साहेब हल्ली ओरडत नाहीत.’ धाकट्याचा फोन तुम्ही पहिल्या रिंगला उचलता. असे काही आढळले तर वेळ दवडू नका. त्याच रविवारी साक्षीसाठी नाव द्या, माइक हातात घ्या आणि प्रभूने तुम्हाला किती नम्र केले ते वीस मिनिटे सांगा. बहुतेकांना पुढच्या रविवारपर्यंत पुरता आराम पडतो.