‘तुम्हाला सोडायचीच नव्हती’ असं सांगणाऱ्या संदेशाला उत्तर

आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एक संदेश आला. तोच माहेरच्या ग्रुपवर आला, शाळेतल्या मैत्रिणींकडून आला, आणि माझ्या दादाला त्याच्या ऑफिसातल्या कुणीतरी पाठवला. मजकूर थोडक्यात असा:

‘सिगरेट सोडायला डॉक्टर लागत नाही, औषध लागत नाही, फक्त इच्छाशक्ती लागते. निकोटिनचं च्युइंगम म्हणजे एक व्यसन सोडून दुसरं लावून घेणं. रोज एक कमी करत जा, ओवा-बडीशेप चघळा. तीन दिवसांत निकोटिन शरीराबाहेर जातं. त्यानंतरही ओढलीत, तर तुम्हाला सोडायचीच नव्हती. वीस वर्षं ओढली असेल तर मात्र अचानक सोडू नका, शरीराला झटका बसतो.’

खाली कुणीतरी लिहिलं होतं, ‘मुंबईची हवाच रोज चार सिगरेटी पाजते, सोडून फरक काय पडणार?’

आमच्या ग्रुपवर हा संदेश टाकणारे काका भले गृहस्थ आहेत. त्यांनी तो चांगल्या हेतूनेच पाठवला असणार. पण यातली जवळजवळ प्रत्येक ओळ माझ्या भावाने कधी ना कधी खरी मानली आणि त्यात त्याची कितीतरी वर्षं गेली, म्हणून हे लिहिते आहे.

आधी इच्छाशक्ती. दादा अठरा वर्षं सिगरेट ओढत होता. चार वेळा त्याने ती सोडली, बहुतेक वेळा केवळ मनाच्या जोरावर, आणि त्यातली सगळ्यात जास्त टिकली ती सात आठवडे. बाबा गेल्यावर याच माणसाने घराचं कर्ज फेडलं, आईचं आजारपण काढलं, नोकरी करून रात्रीच्या कॉलेजातून पदवी घेतली. त्याच्याकडे इच्छाशक्ती नाही असं मला कुणी सांगू नये. कसलीही मदत न घेता सिगरेट सोडणाऱ्या शंभरांपैकी सहा महिने ते वर्षभर टिकतात ते जेमतेम तीन ते पाच. बाकीचे पंचाण्णव काही मनाने दुबळे नसतात. धुरातलं निकोटिन फुप्फुसातून दहा-वीस सेकंदांत मेंदूपर्यंत पोचतं. दिवसाला पंधरा सिगरेटी, प्रत्येकीचे दहा झुरके, म्हणजे दिवसातून दीडशे वेळा मेंदूला हे बक्षीस मिळतं. अठरा वर्षं मेंदूला लागलेलं हे वळण नुसत्या निश्चयाने एका रात्रीत पुसलं जात नाही.

इथे एक गोष्ट सांगते, ती लोकलने जाणाऱ्या कुणालाही पटेल. दादा कल्याणला राहतो, ऑफिस लोअर परळला, उतरतो करी रोडला. गाडीत सव्वा तास त्याला सिगरेटची आठवणसुद्धा व्हायची नाही. स्टेशनचा पूल उतरला, डाव्या हाताची टपरी दिसली, की तोंडाला पाणी सुटायचं. घरी रविवारी मात्र चहानंतर अर्धा तासही दम निघायचा नाही. तल्लफ नुसती रक्तातल्या निकोटिनवर अवलंबून असती, तर गाडीत ती सगळ्यात जास्त यायला हवी होती. म्हणजे ती निम्मी रसायनाची असते आणि निम्मी जागेची, वेळेची, कटिंगच्या ग्लासाची, सोबत उभं राहणाऱ्या माणसाची. संदेशवाले दोन्ही निम्म्यांवर एकच उपाय सांगतात, मन घट्ट करा. दादाला उपयोग झाला तो दोन वेगळ्या उपायांचा. रसायनासाठी च्युइंगम. आणि जागेसाठी त्याने पुलाची दुसरी बाजू धरली, चार मिनिटं लांबचा रस्ता, वाटेत टपरी नाही. दुपारचा चहा खाली न जाता वरच घ्यायला लागला. ज्याच्यासोबत रोज सुट्टा मारायचा त्या मित्राला त्याने सरळ सांगितलं, दोन महिने मला खाली बोलावू नकोस. हे सांगणं त्याला सगळ्यात अवघड गेलं.

आता च्युइंगम. संदेशातली ही ओळ सगळ्यात जास्त नुकसान करणारी आहे, कारण ती वरवर शहाणपणाची वाटते. निकोटिन दोन्हीकडे आहे हे खरं, पण ते पोचतं कसं यात सगळा फरक आहे. सिगरेटमधून काही सेकंदांत झटका येतो, आणि चटक लागते ती त्या झटक्याची. च्युइंगममधलं निकोटिन गालाच्या आतल्या त्वचेतून हळूहळू, वीस-तीस मिनिटांत आणि कमी प्रमाणात रक्तात उतरतं. तल्लफेची धार जाते, झटका येत नाही. शिवाय कर्करोग होतो तो धुराने. त्या धुरात सात हजारांवर रसायनं असतात आणि त्यातली सत्तरेक कर्करोग घडवणारी आहेत. च्युइंगममध्ये ना टार, ना कार्बन मोनॉक्साइड. साधारण तीन महिने वापरायचं आणि कमी करत थांबवायचं. च्युइंगम, पॅच, गोळ्या अशा निकोटिनच्या पर्यायांनी सोडण्यात यश मिळण्याची शक्यता पन्नास ते साठ टक्क्यांनी वाढते, हे शंभराहून जास्त चाचण्या एकत्र तपासून दिसलेलं आहे. भारताच्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत २०२२ साली हे उपचार घेतले गेले. व्यसन लावणारी वस्तू म्हणून ती त्या यादीत गेलेली नाही.

‘मी घेऊन पाहिलं, काही होत नाही’ असं म्हणणारे खूप भेटतात. दादाही म्हणायचा. पहिल्यांदा त्याने ते साध्या च्युइंगमसारखं भराभर चघळलं, वर चहाही घेतला. तसं केलं की निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं, तिथे फारसं कामाला येत नाही, आणि उचकी, मळमळ तेवढी होते. ते सावकाश चावायचं, तिखट चव किंवा झिणझिण्या आल्या की थांबायचं आणि गाल व हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवायचं. चव गेली की पुन्हा दोन-चार वेळा चावायचं. असं अर्धा तास. आधीची पंधरा मिनिटं आणि ते तोंडात असेपर्यंत चहा-कॉफी, लिंबूपाणी काही नाही, कारण आंबट-आम्ल पेयांमुळे ते गालातून शोषलं जात नाही. मात्राही माणसागणिक बदलते. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगरेट लागत असेल तर २ मिलिग्रॅम पुरत नाही, ४ मिलिग्रॅमचं लागतं आणि ते डॉक्टरांना विचारून घ्यावं. दादाची पहिली सिगरेट दात घासायच्या आधीची होती आणि मेडिकलमधून तो आणत होता २ मिलिग्रॅमचं. हे त्याला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर तिसऱ्या प्रयत्नातच सुटली असती असं मला मनापासून वाटतं. गरोदर बाईने किंवा नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्याने च्युइंगमही स्वतःच्या मनाने सुरू करू नये. व्हॅरेनिक्लिन, ब्युप्रोपिऑन यांसारख्या निकोटिन नसलेल्या गोळ्या तर डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळतात, पण त्या आहेत, हेच बऱ्याच जणांना माहीत नसतं.

ओवा, बडीशेप, लवंग, वेलची यांना माझा विरोध नाही. तोंडाला आणि हाताला काम मिळतं, तल्लफेची पाच मिनिटं निघून जातात. दादाच्या खिशात अजून बडीशेपेची पुडी असते. फक्त निकोटिनची भूक त्याने भागत नाही, एवढं कळलं की पुरे.

‘रोज एक कमी करा’ हे मात्र तपासून पाहायला हवं. इंग्लंडमध्ये सुमारे सातशे जणांवर एक अभ्यास झाला, २०१६ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांनी ठरल्या दिवशी एकदम सोडली, निम्म्यांनी आधी दोन आठवडे कमी करत आणून मग सोडली. समुपदेशन आणि निकोटिनचे पर्याय दोघांनाही दिले होते. सहा महिन्यांनी एकदम सोडणाऱ्यांपैकी २२ टक्के टिकून होते, कमी करत गेलेल्यांपैकी साडेपंधरा टक्के. कमी करण्यातली खरी अडचण अशी, की माणूस दोन-तीनवर येऊन थांबतो आणि समाधान मानतो. उरलेल्या सिगरेटी मग जास्त खोल ओढल्या जातात. आणि हृदयाचं गणित सरळ भागाकाराचं नाही. दिवसाला वीस ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जो जादा धोका असतो, त्याचा सुमारे निम्मा धोका दिवसाला एकच ओढणाऱ्यालाही असतो.

वीस वर्षांनंतर अचानक सोडली तर झटका बसतो, हे साफ चुकीचं आहे. दारूचं जडलेलं व्यसन एकाएकी तोडलं तर फिट येऊ शकते, ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचं असतं. सिगरेटचं तसं नाही. चिडचिड, झोपमोड, बेचैनी, भूक हे सगळं होतं, पण त्याने जीव धोक्यात येत नाही. उलट दिवसभरातच रक्तातला कार्बन मोनॉक्साइड उतरतो, वर्षभरात हृदयविकाराचा जादा धोका निम्म्यावर येतो. रिचर्ड डॉल आणि रिचर्ड पेटो या संशोधकांनी ब्रिटिश डॉक्टरांचा १९५१ पासून पन्नास वर्षं मागोवा घेतला. साठीला सोडणाऱ्यांचं आयुष्य सुमारे तीन वर्षांनी वाढलं, पन्नाशीला सहा, चाळिशीला नऊ आणि तिशीला दहा. उशीर झाला असं ज्या वयाला म्हणावं, ते वय त्या यादीत नाही.

हवेबद्दल थोडक्यात. हवेतल्या सूक्ष्म कणांची सिगरेटींशी केलेली तुलना हा लोकांना कळावं म्हणून काढलेला ढोबळ हिशेब आहे. त्यात धरलेली ‘सिगरेट’ निकोटिन देत नाही, ओठाला लावून थेट छातीत ओढली जात नाही, आणि चाळीच्या खोलीत शेजारी झोपलेल्या लेकरापर्यंत तिचा धूर जात नाही. माहुलच्या किंवा चेंबूरच्या हवेत राहणाऱ्याच्या फुप्फुसावर आधीच ताण आहे. त्याने ओढली तर त्या ताणात भरच पडते.

शेवटी ती ओळ, जिच्यामुळे हे लिहायला बसले. तीन दिवसांत निकोटिन शरीराबाहेर जातं, हे खरंच आहे. पण रक्त धुतलं गेलं म्हणून मेंदू लगेच जुन्या जागी येत नाही. त्याला काही आठवडे लागतात. त्रास सगळ्यात जास्त होतो तो या पहिल्या तीन दिवसांत, मग दोन ते चार आठवड्यांत तो ओसरतो. मदतीशिवाय सोडणारे बहुतेक जण पहिल्या आठवड्याभरातच पुन्हा ओढतात. म्हणजे माणसाला सगळ्यात जास्त आधार हवा असतो नेमका तेव्हा हा संदेश त्याला सांगतो, की तुला सोडायचीच नव्हती. चौथ्या प्रयत्नात पाचव्या दिवशी दादाने एक ओढली, आणि हेच वाक्य स्वतःला ऐकवून संध्याकाळी पूर्ण पाकीट आणलं. मला त्याने ते सहा महिन्यांनी सांगितलं, तेही मान खाली घालून. एक ओढली गेली म्हणजे प्रयत्न संपला, असं नसतं. ती कुठे, किती वाजता, कुणासोबत ओढली गेली ते लिहून ठेवायचं, कारण पुढच्या वेळी तिथेच सांभाळायचं असतं. २०१६-१७ च्या देशव्यापी पाहणीत धूम्रपान करणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त जण सोडण्याच्या विचारात होते. सोडायची नसते असे लोक थोडे असतात.

तंबाखू सोडण्यासाठी सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६. २०१६ साली दिल्लीत सुरू झाली, पुढे परळच्या टाटा मेमोरियलमध्येही तिचं केंद्र आलं. समुपदेशक तुमच्याशी बोलून सोडण्याचा दिवस ठरवतात आणि नंतर स्वतः फोन करून चौकशी करतात. दादाच्या पाचव्या प्रयत्नात सातव्या दिवशी असाच फोन आला होता, त्या दिवशी तो पुन्हा ओढण्याच्या बेतात होता. हा नंबर २०१८ पासून प्रत्येक पाकिटावर छापलेला असतो. पण टपरीवर सुटी सिगरेट घेणाऱ्याच्या हातात पाकीट येतच नाही. सुटी विकायला महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० पासून बंदी आहे, तरी करी रोडच्या पुलाखाली ती आजही मिळते. अठरा वर्षं बहुतेक सुटीच घेणाऱ्या दादाला हा नंबर माझ्याकडून कळला.

काकांना मी फोन केला होता. संदेश काढून टाका असं म्हटलं नाही, त्याच्याखाली हा नंबर टाका एवढंच म्हटलं. त्यांनी रात्री टाकला.