घरातली बाई घोरते, तेव्हा

"काय ढाराढूर झोपलाय बघ, घोरतोय!" हे आपल्याकडे कौतुकाने म्हणतात. मला ते आता ऐकवत नाही.

झोपेत घशाचे स्नायू सैलावतात, श्वासाची वाट अरुंद होते आणि तिथून हवा जाताना आवाज होतो. काहींची वाट मधूनमधून पूर्ण बंद होते. दहा सेकंद, कधी त्याहून जास्त वेळ श्वासच नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू क्षणभर जागा होतो आणि मोठा घुरका येऊन श्वास परत सुरू होतो. यालाच स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. तासाला तीसहून जास्त वेळा असं झालं तर आजार तीव्र समजतात. सकाळी त्या माणसाला यातलं काहीही आठवत नाही. डोकं जड, दिवसभर पेंग आणि गोळ्या घेऊनही न उतरणारं बीपी, एवढंच हाती राहतं.

मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. झोपेत श्वासाचा बिघाड १९.५ टक्क्यांमध्ये सापडला; त्याच्या जोडीला दिवसाची पेंगही असलेले ७.५ टक्के. फार मोलाचं काम. पण ते पुरुषांवरचं. बायकांचं काय?

अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या १९९३ च्या अभ्यासात ३० ते ६० वयाच्या ९ टक्के बायकांमध्ये हा बिघाड दिसला होता, आणि पाळी गेल्यानंतर धोका आणखी वाढतो. तरी त्या सुटून जातात, कारण त्यांची तक्रार बहुधा वेगळी असते: थकवा, झोप मोडणं, सकाळची डोकेदुखी, उदासपणा. माझ्या आईला कित्येक वर्षं रक्तवाढीच्या गोळ्याच मिळत राहिल्या. "वय झालं, असं होणारच," हेही ऐकावं लागलं. रात्री श्वास अडकतो का, हे एकाही डॉक्टरने विचारलं नाही. आणि विचारलं असतं तरी सांगणार कोण? बाबांच्या घोरण्याने आई जागी व्हायची, आईच्या घोरण्याने बाबा कधी जागे झाले नाहीत.

याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण उपाय केव्हाचा आहे. पूर्वी तीव्र आजारात गळ्याला छिद्र पाडून श्वासाची वाट करावी लागायची. १९८१ मध्ये सिडनीच्या डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी दाखवून दिलं की नाकावरच्या मास्कमधून सतत हवेचा दाब दिला की घसा मिटत नाही. आई आता तसंच मशीन लावून झोपते. सुरुवातीला मास्क टोचायचा, ती मध्यरात्री काढून ठेवायची. लहान मापाचा मिळाल्यावर जमलं.

बायकांच्या प्रत्येक आरोग्य शिबिरात हिमोग्लोबिन तपासतात. तिथेच घोरण्याचा आणि दिवसाच्या पेंगेचा प्रश्नही विचारला पाहिजे. तोवर आपण एवढं करूया: आई, सासूबाई, मावशी सतत थकलेली असेल आणि घोरत असेल, तर तिला सांगून एक रात्र फोनवर आवाज रेकॉर्ड करा, डॉक्टरांना ऐकवा आणि स्लीप स्टडीबद्दल, म्हणजे झोपेत श्वास आणि ऑक्सिजन मोजणाऱ्या तपासणीबद्दल, स्वतःहून विचारा. अनेकांची ती घरच्या घरीही होते.