23 किलोत गल्ली कशी बसवावी

तुम्ही तीन महिन्यांसाठी परदेशी निघालात, ही बातमी गल्लीत फुटू देऊ नका. ते जमलं तर तुम्ही बेळगावचे नाही आणि तुम्हाला हा लेख लागणार नाही. बाकीच्यांनी पुढे वाचावं.

हलकं सामान कसं बांधावं हे शिकवणारे गुरू हल्ली उदंड झालेत. तीन शर्ट, दोन पँटी. कपड्यांची घडी नको, सुरळी करा. जाड बूट आणि कोट बॅगेत नको, अंगावर घाला. रात्री बेसिनमध्ये बनियन धुवा, सकाळपर्यंत वाळतं. हातातल्या बॅगेला बऱ्याच विमान कंपन्या 7 किलो देतात, तेवढ्यात माणूस वर्षभर जग फिरू शकतो म्हणे. खरं आहे ते. मीही तसंच बांधलं. घरच्या वजनकाट्यावर एकदा बॅग घेऊन उभा राहिलो, एकदा नुसता, आणि वजाबाकी केली. साडेसहा किलो! स्वतःवर खूश होऊन चहा टाकला, तेवढ्यात शहापूरच्या काकू आल्या.

"तिकिटावर 23 किलो फुकट असतंय की," काकू म्हणाल्या. "तुझं काय, दोन कपडे. बाकी जागा मोकळीच जाणार."

सगळे गुरू हरतात ते इथे. बॅग तुमची आहे असं ते धरून चालतात. आमच्याकडे बॅग गल्लीची असते, तुम्ही तिचे हमाल. तरी कपडे जरूर न्या, आणि सुरळी करूनच न्या. बरण्यांच्या मधल्या फटीत सुरळी फार छान बसते.

सवय जुनीच आहे. सौंदत्तीला यल्लम्माच्या जत्रेला बैलगाड्या निघायच्या, तेव्हा गाडीत पीठ, परात, तवा आणि चुलीचं जळणसुद्धा असायचं. बैलाला कुणी विचारत नसे. आता बैलाच्या जागी विमान आलंय आणि काउंटरवर एक पोरगी बसलीय, एवढाच फरक.

तेव्हा कुणी काही घेऊन आलं तर नाही म्हणायचं नाही. "काय ओ, निघालात म्हणे?" एवढं ऐकू आलं की दार उघडून हात पुढे करायचे. वडगावची अक्का शेंगदाण्याची चटणी आणेल आणि "किलोभरच हाय" म्हणेल. किलोभर चटणी दीड किलो भरते, यावर वाद घालू नये. अनगोळचे मामा गोकाकचा करदंट, म्हणजे डिंक आणि सुक्या मेव्याची मिठाई, आणतील. संकेश्वरी मिरचीची पूड कुणी आणली ते शेवटपर्यंत कळणार नाही, पण ती बॅगेत असेल. निपाणीचे तात्या आपल्या बहिणीसाठी मशेरीची पुडी देतील. परदेशातल्या विमानतळावर अनोळखी तपकिरी भुकटी काय आहे हे सांगताना 'दात घासायचं' एवढ्यावर भागत नाही, हे तात्यांना सांगून उपयोग नाही. शिवाय ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय ती मंडळी तुमच्या मुक्कामी नसतातच. तुम्ही लंडनला, मामांचा भाचा एडिंबराला. हे अंतर बेळगाव-मुंबईपेक्षा जास्त आहे. "एकाच देशात तर आहे की," मामा म्हणतात.

आता कुंद्याविषयी. बेळगावातून कुंदा न घेता निघालेला माणूस अजून जन्मायचाय. पण ब्रिटनमध्ये भारतातून दूध आणि दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, बर्फी-हलव्यालाही तिथे थारा नाही, आणि कुंदा म्हणजे सगळा खवाच. ही माहिती स्वतःजवळ ठेवा. मिठाईची पेढी सांभाळणाऱ्या शेजाऱ्याला ती सांगणं म्हणजे घरी जाऊन भांडण मागण्यासारखं आहे. कुंदा घ्यावा, डोक्याला लावावा आणि रात्रीच्या गाडीत निपाणी यायच्या आत संपवावा. पुढे फोन येतो, "कुंदा पोचला का?" पोचला म्हणावं. कुठे, ते त्यांनी विचारलेलं नसतं.

मांडे मात्र घेऊच नयेत. त्यांना दाब चालत नाही, घडी उलगडली तर संपलंच, आणि मांडीवर ठेवून दहा तास बसता येत नाही. मांडे मनातच न्यावेत, त्याला वजन लागत नाही.

अमेरिकेला निघाला असाल तर तांदळाचं वेगळं प्रकरण आहे. येळ्ळूरच्या बासमतीशी अमेरिकेचं वैर नाही. तिला भीती आहे ती खापरा नावाच्या भुंग्याची. साठवणीच्या धान्यातली ही कीड ज्या देशांत आहे त्या देशांतून प्रवाशांनी सामानात तांदूळ आणायला तिथे मनाई आहे, आणि आपण त्या यादीत आहोत. निघताना सुनेची ओटी भरतात, त्यातले तांदूळही तांदूळच. ओटीतल्या सुक्या खोबऱ्याची वाटीही काढून ठेवा. खोबरं आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या मालात मोडतं, त्यामुळे पोटात जाणाऱ्या बॅगेत, म्हणजे विमानाच्या पोटात, त्याला प्रवेश नाही. उरला खण. तो हलका असतो. आजेसासूबाई मात्र तुमच्याकडे असं बघतील, की ते ओझं तीन महिने पुरेल.

लोणचं आणि तूप हातातल्या बॅगेत घालायचा मोह होईल. सुरक्षा तपासणीवाल्यांच्या लेखी ते द्रव, आणि द्रवाला 100 मिलिलिटरची बाटली. 100 मिलिलिटर लोणच्यात एक फोड आणि अर्धा शेर अपमान मावतो. याउलट पॉवर बँक लोक मोठ्या बॅगेत खाली दाबून ठेवतात आणि वर चटण्या रचतात. ती हातातच न्यावी लागते, मग काउंटरसमोर बॅग उघडून सगळी चटणी बाहेर. मागच्या रांगेला शिंका.

आतापर्यंतचं सामान निदान खाता येतं. खरं वजन कागदांचं असतं, आणि याबद्दल कुठलाच गुरू बोलत नाही, कारण त्यांच्या गावांना एकेकच नाव असतं. आपलं गाव मराठीत बेळगाव, जुन्या इंग्रजी कागदांवर बेलगाम आणि 1 नोव्हेंबर 2014 पासून सरकारदरबारी बेळगावी. (तारीख कुणी निवडली असेल हे सीमाभागात सांगायला लागत नाही. एका घरात तो राज्योत्सव, शेजारच्या घरात काळा दिन.) माझ्या जन्मदाखल्यावर एक, जुन्या पासपोर्टावर दुसरं आणि नव्या आधारवर तिसरं. जन्मस्थळाच्या चौकटीत एकच लिहायचं असतं. म्हणून हलकं फिरणाऱ्या माणसाने स्टँप पेपरवर एक प्रतिज्ञापत्र सोबत ठेवावं, की ही तिन्ही गावं एकच असून मी तिन्हींत एकदाच जन्मलो. त्याच्या पाच झेरॉक्स. झेरॉक्सच्या दोन झेरॉक्स.

मग भाषा. घराचा उतारा कन्नडमध्ये, शाळेचा दाखला मराठीत, बापाचा निवृत्तीचा हुकूम दोन्हीत, वर शिक्का. ब्रिटनच्या व्हिसाला कागद इंग्रजीत किंवा वेल्शमध्ये लागतात, नसले तर प्रमाणित भाषांतर. वेल्श चालते! कन्नडही नाही आणि मराठीही नाही. 1956 ला बेळगाव कन्नड राज्यात गेलं, तेव्हापासून या दोन भाषांना इतकी समान वागणूक आमच्याकडे कुणी दिली नव्हती, मला क्षणभर भरून आलं. भाषांतरं करून घेतली. फाइल भरली सव्वातीन किलो. ती हातातच न्यायची, कारण केव्हा कोण काय मागेल सांगता येत नाही, म्हणजे सातातले सव्वातीन गेले. मग बनियनं मोठ्या बॅगेत गेली, बरण्यांना आणखी आधार झाला.

वजन करायला घरचा काटा आता पुरत नाही. बॅग रविवार पेठेत ओळखीच्या भुसार दुकानात न्यावी. तिथला काटा पोत्यांचा आहे, खोटं बोलत नाही. माझी भरली 31 किलो. दुकानदार म्हणाले, "बत्तीसच्या आत हाय, मग काय!" त्यांचंही चुकलं नाही, 32 च्या वरची एक बॅग विमानवाले पैसे भरूनही घेत नाहीत, उचलणाऱ्या माणसाची कंबर असते. पण 23 आणि 31 च्या मधल्या आठ किलोंना जे पैसे लागतात, तेवढ्यात अक्काची चटणी आयुष्यभर विकत घेता येते.

तेव्हा ते आठ किलो अंगावर घालावेत. आमच्या सांबऱ्याच्या विमानतळावरून परदेशी विमान सुटत नाही, त्यामुळे मुंबई गाठा नाहीतर बंगळूर. दोन्ही साधारण 500 किलोमीटर, म्हणजे बेळगाव कुणाला जवळ हा प्रश्न इथेही सुटत नाही. किंवा चोर्ल्याच्या घाटाने गोव्याला मोपाच्या विमानतळावर उतरा, वळणांवर लोणच्याचं झाकण किती पक्कं आहे ते फुकटात कळतं. मी निघालो मे महिन्यात, कोट, स्वेटर आणि जाड बूट घालून, कोटाच्या चार खिशांत करदंट. गाडीतल्या लोकांना वाटलं मला ताप आहे. एका बाईंनी खिडकी लावून घेतली.

परतताना बॅग हलकी असते असा तुमचा समज असेल. काकूंनी चकल्या दिल्या होत्या त्या स्टीलच्या डब्यातून, आणि डब्यावर नाव घातलेलं आहे, 'चि. सौ. कां. हिच्या लग्नात मामांकडून, शहापूर'. काकू दारातून म्हणाल्या होत्या, "डबा तेवढा परत आण हं." तसंच अक्का म्हणाली होती, तसंच मामी. तीन महिन्यांनी मी सात रिकामे डबे घेऊन निघालो, एकात एक घातले तरी सात. लंडनच्या विमानतळावर तपासणीच्या यंत्रातून बॅग जाताना पडद्यावर गोलात गोल, गोलात गोल दिसायला लागले. अधिकाऱ्याने बॅग उघडली, एकेक डबा काढला, आत काहीच नाही. त्याने विचारलं, हे कशासाठी? मी म्हटलं, परत करायचेत. त्याने वरिष्ठांना बोलावलं.

बेळगावात उतरल्या उतरल्या, अंघोळ न करता, काकूंचा डबा घेऊन गेलो. काकूंनी तो उजेडात धरला, नाव वाचलं, तळ बघितला, मग झाकण उघडून बसवलं, पुन्हा उघडलं.

"डबा माझाच हाय," त्या म्हणाल्या. "झाकण नव्हे हे माझं."