ट्रक आला की

या शनिवारी माझ्या कुंपणाच्या फळ्या घरी आल्या, त्या समोरच्या गोऱ्या शेजाऱ्याच्या पेट्रोलवाल्या पिकअपमधून. त्याच्या शेजारच्या सीटवर ऐटीत काका, कानटोपीसकट. मागून मी, माझ्या रिकाम्या कोरोलात. स्वतःच्याच वरातीत शेवटून चालावं तसा.

ट्रक मलाही मिळणार आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये जाहीर झालेल्या एका इलेक्ट्रिक पिकअपसाठी मी ५० डॉलर भरून नंबर लावलाय. कंपनीचं नाव घेत नाही. नंबर अजून यायचाय, उगाच वाकडं कशाला घ्या. तेव्हापासून आमच्या न्यू जर्सीच्या घरात 'ट्रक आला की' हा एक स्वतंत्र काळच सुरू झालाय. कुंपण ट्रक आला की. तळघरातला जुना सोफा ट्रक आला की. मुलगी आता गणिताचा गृहपाठसुद्धा ट्रक आला की करते. पण मागच्या वादळात कुंपण आडवं झालं आणि शेजारचा कुत्रा रोज सकाळी आमच्या अंगणात प्रातर्विधीला यायला लागला. फळ्या आणणं भाग होतं.

काका म्हणजे पलीकडच्या घरातल्या मुलीचे वडील. चिंचवडहून सहा महिन्यांसाठी आलेत. जन्म टूलरूममध्ये गेला, त्यामुळे कुठलंही माप चुकलं की त्यांना आवाज फुटतो. "बसून कंटाळा येतो, मी येतो फळ्या धरायला," म्हणाले. दुकानाच्या पार्किंगमध्ये मी आठ फुटी फळ्या कोरोलाच्या खिडकीतून आत कोंबत होतो, आणि काका सुतळीचं एक टोक धरून चौकशी करत होते.

"तुझा तो टेम्पो कधी येणार म्हणालास?"

"टेम्पो नाही काका, पिकअप. या वर्षाअखेर म्हणतायत."

"रंग कुठला?"

"रंग नसतो. करडा येतो. हवा तर वरून स्टिकर लावून घ्यायचा."

"बरं. रेडिओ?"

"नाही. आपला फोन लावायचा."

"काचा तरी बटणावर?"

इथे मी फळीच्या पलीकडे तोंड लपवलं. "हाताने फिरवायच्या."

काकांनी सुतळी खाली ठेवली. "अरे, रंग नाही, रेडिओ नाही, काचा हाताने. आमच्या मारुतीला १९८५ साली निदान रंग होता! सीटा किती?"

"दोन."

"आणि तुम्ही माणसं चार." मग त्यांनी खरा घाव घातला. "मागचा हौदा केवढा?"

"पाच फूट."

"आणि फळी?"

मी उत्तर दिलं नाही. इतके दिवस हा हिशेब मी केलाच नव्हता, हे कबूल करायला जिवावर येतं.

मग बोलण्याची गाडी चेतक स्कूटरवर गेली. सत्तरच्या दशकात तिचं वेटिंग दहा-दहा वर्षांवर गेलं होतं, तेव्हा काकांनी सात वर्षांत मिळवली. स्कूटर हातात येताच लोक ऑन, म्हणजे किमतीवर जादा पैसे, घेऊन विकायचे म्हणे. "तुझ्या नंबराला ऑन किती चाललंय?" शून्य, म्हटल्यावर त्यांना माझी पहिल्यांदा मनापासून कीव आली. आता त्यांचा दुसरा जावई पुण्यात इलेक्ट्रिक चेतकवर फिरतो, आणि इलेक्ट्रिक छोटा हत्ती तर २०२२ मध्येच आला, तोही सहाशे किलो ओढतो, ही पुरवणी त्यांनी जोडली.

यातलं हसण्यासारखं इथे संपतं. गाडी जाहीर झाली तेव्हा सरकारची साडेसात हजारांची सूट धरून किंमत वीस हजारांच्या आत सांगितली होती. ती सूट ३० सप्टेंबर २०२५ ला बंद झाली. म्हणजे अक्षता पडायच्या आधीच पंगत उठली. रेडिओ नको, रंग नको म्हणत मी जे वाचवणार होतो, त्याच्या कितीतरी पट वॉशिंग्टनमध्ये एका सहीत गेलं. पन्नास डॉलर परत मागता येतात. मागत नाही. का, ते बायकोने विचारू नये.

तेवढ्यात काकांना समोरचा शेजारी दिसला. हात उंचावून त्यांनी अख्ख्या पार्किंगला ऐकू जाईल असं सांगितलं, "हॅलो! हिज ट्रक, नॉट कमिंग! यू टेक!"

तो भला माणूस धावत आला. फळ्या चढवताना त्याने हळूच विचारलं, बँकेने कर्ज नाकारलं का? मी नाही म्हणालो. त्याने माझ्या पाठीवर थोपटलं. त्याचा विश्वास बसलेला नव्हता.

घरी फळ्या उतरवून झाल्यावर काकांनी त्याच्या ट्रकच्या बॉनेटवर, बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवला. "याला वेटिंग नव्हतं म्हणे," मला म्हणाले. आणि मग, समजूत घालावी तसं, "मी वीस तारखेला निघतोय. पण तुझा आला की कळव, एक चक्कर मारू. माझा व्हिसा दहा वर्षांचा आहे."