दूध माडाच्या आळ्यात

चिडून लिहितेय. शब्द इकडेतिकडे झाले तर सांभाळून घ्या.

सकाळी अळिवाचे लाडू घेऊन शेजारच्या बाळंतिणीला बघायला गेले. बाळ एकवीस दिवसांचं. बघते तर पोरगी मागच्या पडवीत पाटावर बसून वाटीत दूध पिळतेय. ब्लाउज पुढून चिंब, अंगात ताप, उजव्या बाजूला लालभडक चट्टा आणि लिंबाएवढी गाठ. आत बाळ रडून लालबुंद झालेलं आणि आजी त्याच्या तोंडात पावडरच्या दुधाची बाटली कोंबतेय. वाटी भरली तशी पोरगी उठली, भिंतीला धरून मागे गेली आणि दूध माडाच्या आळ्यात ओतून आली. पायदळी येऊ नये म्हणून.

कारण काय, तर तिला अँटिबायोटिक सुरू झालंय. डॉक्टर पाजू नको म्हणाले? नाही. ते त्याबद्दल काही बोललेच नाहीत. औषधाच्या दुकानात गोळ्या देणारा म्हणाला, "या चालू आहेत तोवर अंगावर पाजू नका." सासूबाईंनी री ओढली, "गोळ्येची उष्णता पोराच्या पोटात जातली गो, ताका सोसाची नाय."

हे वाक्य ऐकलं आणि मी १९९६ सालात जाऊन पडले. थोरल्याच्या वेळी माझे टाके पिकले. इंजेक्शनं सुरू झाली आणि मला सांगितलं, आठ दिवस दूध तोड. कुठलं औषध, किती उतरतं, कोणी विचारलं नाही, मीही नाही. बाळ दुसऱ्या खोलीत रडलं की माझ्या छातीतून आपोआप धारा लागायच्या आणि मी वाटी घेऊन बसायचे. नवव्या दिवशी त्याला जवळ घेतलं तर तो तोंडच लावेना. पान्हा आटला तो आटलाच.

औषध दुधात उतरतं का? उतरतं. जवळपास सगळीच औषधं थोडी थोडी उतरतात. पण किती, हे कोणी विचारतच नाही. या पोरीला दिलंय ते अमॉक्सिसिलिन. आईच्या किलोमागे जेवढं औषध जातं, त्याच्या जेमतेम एक टक्का बाळाच्या किलोमागे दुधातून पोचतं. दहा टक्क्यांच्या आत असेल तर साधारणपणे चालतं असं धरतात. आणि हेच औषध लहान बाळांना गरज पडली की थेंबांतून, सिरपातून सरळ पाजतात! तेव्हा उष्णता आठवत नाही कोणाला. पेनिसिलिनच्या घरातली बहुतेक औषधं, सेफालेक्सिनसारखी औषधं, सगळ्यांचं तेच, दुधात फार कमी येतात. पहिल्या तीन-चार दिवसांत छातीतल्या पेशींमध्ये फटी असतात, तेव्हा औषध जरा सहज झिरपतं. पण तेव्हा चीकच येतो तो चमचा-दोन चमचे.

हो, सगळीच औषधं तशी नाहीत, मान्य. कावीळ असलेल्या तान्ह्याच्या आईला सल्फाची औषधं देत नाहीत, क्लोरॅम्फेनिकॉल टाळतात, मेट्रोनिडाझोल दुधात बऱ्यापैकी उतरतं. बाळाला दोन दिवस पातळ शी होईल, तोंडात पांढरा थर येईल, तेही मान्य. म्हणून तर डॉक्टरला विचारायचं ना, की बाळ इतक्या दिवसांचं आहे, पाजतेय, दुसरं औषध आहे का? बहुतेक वेळा असतं.

आणि ती वाटी. माझ्या डोळ्यांसमोरून ती हलत नाही. दूध म्हणजे काही रांजण नव्हे, की औषध त्यात साठून राहील आणि उपसलं की गेलं. औषध आईच्या रक्तातून दुधात येतं आणि रक्तातलं उतरलं की दुधातलंही परत रक्तात जातं. पिळून टाकल्याने ते एक तासही लवकर जात नाही. फार तर बाळाला पाजून झालं की लगेच गोळी घ्यावी. मी आठ दिवस ज्या वाट्या ओतल्या, त्यातली एकही ओतायची गरज नव्हती. हे मला कळलं तेव्हा मुलगा दहावीला होता.

इथे तर गाठ झालीय. गाठीच्या तापात पाजणं बंद करणं म्हणजे दुखण्याला बोलावून आणणं. दूध तुंबतं, आत पू धरू शकतो आणि मग चिरा द्यावा लागतो. ते दूध प्यायल्याने बाळाला काही होत नाही. म्हणे औषधाचं भय, आणि विहिरीच्या पाण्यात कालवलेली पावडर तेवढी चालते! त्या डब्यावरही आईचं दूधच उत्तम असं छापावं लागतं, १९९२ चा तसा कायदा आहे.

सासूबाईंवर मी आवाज चढवला. नको होता चढवायला. त्या बाईने तीन महिने धुरीसाठी शेण्या वाळवून ठेवल्या, रोज पहाटे उठून सुनेला काढा करून देतात. त्यांना जे सांगितलं गेलं ते त्या जीव लावून करतायत. माझी आईही तेच करत होती. राग आहे तो दुकानातल्यावर, आणि त्याहून जास्त त्या डॉक्टरवर. रांग मोठी असेल, पण "पाजत राहा" हे दोन शब्द बोलायला किती वेळ लागतो?

शेवटी त्यांच्यासमोरच डॉक्टरांना फोन लावला, स्पीकरवर. "पाजू दे की, बंद कोणी केलं?" असं म्हणाले. सासूबाई काही बोलल्या नाहीत. आत जाऊन बाळ घेऊन आल्या आणि सुनेच्या मांडीवर ठेवलं.

आत्ता पोरीचा मेसेज आला. "काकी, उजव्या बाजूने दहा मिनिटं प्यायला. दुखलं खूप, पण प्यायला." गाठ अजून आहे. सकाळी परत जाते.